चढावर रुसणारी टॅक्सी

“ढकला! जोर लावा! तोमा, तू नुसता हात टेकवून उभा आहेस, मला दिसतंय!”

“मी गाडीला धीर देतोय!”

“धीर कसला देतोस? ती काय परीक्षेला बसलीय?”

आपल्या मित्राचं, प्रश्नीलचं, हे बोलणं ऐकून एरवी लोसा खो खो हसली असती. आज तिने ओठ घट्ट मिटून टॅक्सीला खांदा लावला. ऑगस्टची सुट्टी लागून आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि ताताची टॅक्सी सावूसावूच्या चढावर तिसऱ्यांदा बंद पडली होती. वेळ तीच, ऐन दुपारची. जागाही तीच, चढ संपता संपता येणारं वळण! मागे बसलेल्या दोघी बायकांनी कसाव्याच्या कंदांच्या टोपल्या उचलल्या आणि त्या मागून आलेल्या बसमध्ये चढल्या. जाता जाता एकीने टोमणा मारलाच, “सेमी, तुझी ती जुनी खटारा गाडीच बरी होती रे बाबा!”

सेमी म्हणजे लोसाचा आणि छोट्या तोमाचा ताता, त्यांचे वडील. गाडी झाडाच्या सावलीत लागल्यावर त्याने कपाळ पुसलं आणि बटण दाबलं. गाडीतल्या बाईने मंजुळ आवाजात जपानी भाषेत आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. बाकी सगळं ढिम्म!

ही बाई, म्हणजे तिचा नुसता आवाज, गाडीबरोबरच जपानहून आली होती. टॅक्सी चांदीच्या रंगाची, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालणारी. जपानमध्ये कुणीतरी वापरून सोडलेली, जहाजातून फिजीला आलेली. गाडी चालू केली की ती बाई दरवेळी तेच एक वाक्य बोलायची, आणि ताता वाकून फिजीतला नमस्कार करायचा, “बुला, मॅडम! आज कुठे जायचं?” प्रवासी हसून हसून बेजार व्हायचे. हल्ली ताताने मॅडमशी बोलणं सोडलं होतं. गेल्या महिन्यापासून समोरच्या पडद्यावर एक नारिंगी त्रिकोण पेटत होता आणि त्याच्याखाली जपानी अक्षरं उमटत होती. ताताने त्यावर जास्वंदीच्या फुलाचं स्टिकर चिकटवून टाकलं होतं.

“मॅडम रुसलीय,” तोमा गंभीरपणे म्हणाला. “ती काहीतरी सांगतेय आणि आपण ऐकतच नाही.”

तेवढ्यात खडखड, धडधड असा आवाज करत एक निळी गाडी चढ चढून आली. तिचं एक दार दोरीने बांधलेलं होतं. प्रश्नीलचे नाना, म्हणजे आईचे वडील, ती चालवत होते. गंमत म्हणजे ती आधी ताताचीच गाडी! नवीन टॅक्सी घेण्यासाठी त्याने ती नानांना विकली होती.

“काय सेमी? महाराणी पुन्हा बसल्या का?” नाना खाली उतरून दोरखंड काढत म्हणाले.

“नाना, हसू नका. मी बॉनेट उघडून बघितलं. आत काय आहे तेच कळत नाही. सगळी झाकणंच झाकणं!”

“मग! ही माझी म्हातारी दिवसभर कण्हते, पण कुठे दुखतंय ते तरी सांगते. तुझी महाराणी तोंड मिटून मरते.”

ताता हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. लोसाला ते बघवलं नाही.

संध्याकाळी बुबूने, म्हणजे आजीने, लिंबाच्या पानांचा चहा केला. चहा पिता पिता ताताने खाली बघतच सांगून टाकलं. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गावातली माणसं चालली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत नावं पक्की होणार आणि सोमवारी सगळे निघणार. पुढच्या वर्षीची फळं पिकून संपेपर्यंत परत येणं नाही.

“आणि टॅक्सी?” लोसाने विचारलं.

“मोमो फिली घेतोय. भंगारात. म्हणाला, बॅटरी मेली, आता नवी घालायची तर दुसरी गाडीच येईल. शनिवारी सकाळी सोडून येतो.”

मोमो म्हणजे मामा. फिली हा लोसाच्या वारलेल्या आईचा चुलतभाऊ. सावूसावूत त्याचं जुन्या गाड्यांचं मोठं आवार होतं. ताताने टॅक्सी त्याच्याकडूनच घेतली होती.

“ताता, गाडी नीट झाली तर? शनिवारच्या आत?”

ताताने तिच्या केसांवरून हात फिरवला. “तर नाव मागे घेईन. मला कुठे हौस आहे जायची? पण गाडीच नसेल तर तुम्हाला खायला काय घालू, लोसा?”

आई गेली तेव्हा तोमा दुपट्यात होता. तेव्हापासून ताता, बुबू आणि ही दोघं, एवढंच त्यांचं घर. ताताविना ते घर कसं दिसेल हे लोसाला मनातसुद्धा आणता येईना. चटईवर पडल्या पडल्या तिने उशीत तोंड खुपसलं आणि ती खूप रडली. सकाळी मात्र डोळे धुऊन ती थेट प्रश्नीलच्या दारात उभी राहिली.

“आजपासून सुट्टी बंद! गाडीला काय झालंय ते आपण शोधायचं.”

“मोठ्यांना कळलं नाही ते आपल्याला कळणार?”

“तुझ्या नावातच प्रश्न आहे. सारखे प्रश्न विचारू नकोस, उत्तर शोध!”

“बरं. मग आधी त्या मॅडमलाच पकडू,” प्रश्नील म्हणाला. “ती बोलते काय ते तरी कळू दे.”

युक्ती चांगली होती. गावात जपानी येणारं कुणी नव्हतं, पण सावूसावूच्या धक्क्यावर समुद्रात बुड्या मारायला जपानी पाहुणे यायचे. प्रश्नीलने दिवसभर टॅक्सीत बसून मॅडमचं वाक्य पोपटासारखं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एक जपानी काकू सापडल्या. प्रश्नील त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि डोळे मिटून त्याने ते वाक्य मॅडमच्याच मंजुळ सुरात म्हणून दाखवलं.

काकू आधी दचकल्या. मग एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं!

“सांगा ना! बॅटरीबद्दल आहे का? मॅडम काय म्हणते?” लोसाने अधीर होऊन विचारलं.

काकूंनी डोळे पुसत मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. मॅडम म्हणत होती, टोल भरायचं कार्ड घातलेलं नाही. बस. जपानमधल्या मोठ्या रस्त्यांवर ते लागतं.

“टोल?” तोमाने विचारलं. “म्हणजे ती रोज पैसे मागत होती?”

प्रश्नीलला हसू आवरेना, पण लोसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन दिवस वाया गेले होते. अख्ख्या बेटावर टोलचा रस्ता नाही, आणि ती बाई इतके महिने त्याच्यासाठीच घसा फोडत होती. उद्या शनिवार होता.

“पण मग त्या जास्वंदीच्या खाली जे लिहून येतं, ते काय?” प्रश्नील एकदम म्हणाला. “जे बोलते ते फुकटचं आणि जे गुपचूप लिहिते ते खरं, असं तर नसेल?”

ते वाचून घ्यायला गाडी आणायची कुठून? ताता तर भाड्यासाठी दूर गेला होता, आणि काकू दुपारच्या विमानाने निघणार होत्या.

शनिवारी सकाळी नाना बाजारात वांगी विकायला निघाले, तशी तिघंही निळ्या गाडीत चढली. मोमो फिलीचे पाय धरायचे, महिनाभर तरी थांब म्हणायचं, असं लोसाने ठरवलं होतं. मोमो तसा प्रेमळ. चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने गाणारा, लोसाला ‘माझ्या बहिणीची सावली’ म्हणून जवळ घेणारा.

आवाराच्या फाटकापाशी प्रश्नील थबकला. “लोसा, ती बघ. हिरवी गाडी, बोटीवर जायच्या रांगेत.”

“त्यात काय?”

“ती रमेशकाकाची टॅक्सी आहे! डाव्या बाजूचा तो ओरखडा माझ्या सायकलचा. मी मार खाल्लाय त्याच्यासाठी! रमेशकाकाने तर ती गेल्या महिन्यात भंगारात दिली. विकताना रडला होता तो.”

तेवढ्यात एका पोराने हिरव्या गाडीत बसून बटण दाबलं. गाडी आवाज न करता सुळकन पुढे सरकली. मेलेली गाडी जिवंत!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फाटकातून आत न जाता ती मागच्या बाजूला धावली. तिथे कुंपणाला लागून आंब्याचं झाड होतं. तोमा खारीसारखा वर चढला, मागून ही दोघं. खाली पत्र्याच्या छपरात एक पांढरी टॅक्सी उभी होती. मेकॅनिकने तिच्या मागच्या सीटशेजारची जाळी काढली, आत हात घातला आणि ओढून काढला एक भलामोठा बोळा! लोकरीचा! लाल, पोपटी, जांभळा, धुळीने माखलेला. तो त्याने कुंपणापाशी भिरकावला. मग हवेच्या नळीने आतलं सगळं फुंकून काढलं.

“झालं!” मोमो फिलीचा ओळखीचा आवाज आला. “बॅटरीला वारा मिळाला की पळते घोड्यासारखी. आपल्या बायकांना हौस भारी! मागच्या सीटवर झालरीची चटई घातली नाही तर चैन पडत नाही. सेमीची आज येतेय. तीही अशीच साफ कर आणि आजच्याच बोटीने सुवा शहरात धाड.”

“मालक, सेमीदादाला सांगायचं नाही का? नातलग आहे तुमचा.”

“सांगितलं तर विकेल कोण?” मोमो हसला. तेच हसू, जे तो लोसाला गोळ्या देताना हसायचा.

लोसाने फांदी घट्ट धरली. इतक्यात तोमा तिच्या कानाशी कुजबुजला, “लोसा, आपल्या गाडीलापण तिथेच नाक आहे! मी हात धरायचो ना, तर हवा आत जायची. मग तू चटई घातलीस आणि नाक झाकलं गेलं.”

त्याने ते सहज म्हटलं. पण लोसाला वाटलं, फांदीच मोडली आपल्या खालची. नवी टॅक्सी आली तेव्हा बुबूने पानांची चटई विणली होती आणि झालरीची लोकर लोसाने स्वतः निवडली होती. लाल आणि पोपटी. ताताला आवडते म्हणून दाट, चांगली वीतभर लांब झालर. ताता येईल त्या प्रवाशाला दाखवायचा, “माझ्या पोरीने केलीय!”

“रडू नंतर!” प्रश्नीलने तिचा दंड धरला. “ताता अजून निघाला नसेल. पळ!”

तोमाने कुंपणापाशी पडलेला लोकरीचा बोळा उचलला आणि तिघं बाजारात नानांपाशी पोचली. धापा टाकत सगळं सांगितलं. नानांनी वांग्यांची टोपली तशीच शेजारच्या बाईच्या ओटीत टाकली. “बसा!”

निळी म्हातारी चढाला लागली. खडखड, धडधड. “चल गं माझे आई!” नाना तिला थोपटत होते. अर्धा चढ झाला, पाऊण झाला, आणि बॉनेटमधून फस्सकन वाफ आली. पाणी उकळलं होतं.

“नाना! आत्ताच?”

“म्हातारी आहे गं, माणसासारखीच. ओढ्याचं पाणी आणा, होईल शहाणी!”

प्रश्नील डबा घेऊन ओढ्यात उतरला. आणि तेवढ्यात चढाच्या माथ्यावरून चांदीच्या रंगाची गाडी आली, सकाळच्या गारव्यात अगदी खुशीत, आवाज न करता.

“ताता! थांब! ताता!” लोसा आणि तोमा जिवाच्या आकांताने ओरडली. गाडीच्या काचा बंद होत्या. आत थंड हवा. ताता सरळ समोर बघत होता. ओठ आवळलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“नाना, हॉर्न! हॉर्न वाजवा!”

“हॉर्न कुठला? तो तर तुझ्या ताताकडे असतानाच बिघडला होता!”

चांदीची गाडी वळणाआड गेली. लोसा तिच्यामागे धावली, चपला तुटेपर्यंत धावली, आणि शेवटी रस्त्यातच मटकन बसली. एवढं जवळून गेला होता ताता! आणि ऐकू गेलं नाही.

पाणी निवायला वेळ लागला. ते आवारात पोचले तेव्हा ताता फाटकाच्या पायरीवर बसला होता. मांडीवर गुंडाळलेली चटई, लाल-पोपटी झालरीची. कागदावर सही झाली होती. गाडी बोटीवर गेली होती. मिळालेले पैसे तिकिटासाठी देऊन टाकले होते. नावही पक्कं झालं होतं.

लोसाने सगळं सांगितलं. झालरीचंही सांगितलं, हुंदके देत देत. ताताने बोळा हातात घेऊन उलटसुलट केला. मग उठला आणि म्हणाला, “चला धक्क्यावर.”

ते पोचले तेव्हा बोटीचा मागचा दरवाजा वर उचलला जात होता. त्याच्या फटीतून चांदीच्या रंगाची एक कड तेवढी दिसली. धक्क्यावर मोमो फिली हात हलवत होता, आणि बोटीच्या प्रवाशांसाठी टॅक्सीवाल्यांची रांग लागली होती.

लोसाचं भान सुटलं. ती रांगेच्या मधोमध उभी राहिली आणि बोळा उंच धरून ओरडली, “तुमच्या गाड्या मेलेल्या नाहीत! मागच्या सीटवरच्या चटया काढा! सीटशेजारी जाळी आहे, ती झाकली की बॅटरी तापते! मोमो फिलीला माहीत आहे! तो भंगारात घेतो, साफ करतो आणि सुवाला विकतो!”

“पोर आहे. दुःखात काहीबाही बोलतेय,” मोमो फिली घाईने म्हणाला.

“मग मला हिरवी गाडी दाखवा!” प्रश्नील पुढे आला. “रमेशकाकाची. डाव्या बाजूला ओरखडा आहे. आत्ता याच बोटीत चालत गेलीय ना ती?”

मोमो दोन पावलं मागे सरकला. एका टॅक्सीवाल्याने मागचं दार उघडून चटई खेचली आणि जाळीत बोट घातलं. बोटाला लांबच लांब निळी लोकर लागून आली! मग दुसऱ्याने बघितलं, तिसऱ्याने बघितलं. धक्काभर आरडाओरडा, शिव्या आणि चटयाच चटया! त्या गोंधळात बोट भोंगा वाजवून निघून गेली.

“बैल गेला नि झोपा केला,” नाना हळूच पुटपुटले.

संध्याकाळी बुबूच्या घरी गाव जमलं. मोमो फिली मान खाली घालून आला. त्याच्या हातात यंगोनाच्या, म्हणजे मानाचं पेय करतात त्या झुडपाच्या, मुळांची जुडी होती. तो गुडघ्यांवर बसून पुढे सरकला, ती जुडी ताताच्या पुढ्यात ठेवली आणि त्याने माफी मागितली. आवाज खराच थरथरत होता. अशी माफी एकदा स्वीकारली की तो विषय पुरला जातो. पुन्हा कुणी, कधीही तो उकरायचा नसतो.

लोसा श्वास रोखून ताताकडे बघत होती. नको घेऊस, ताता. नको घेऊस!

ताताने जुडीला हात लावला. ओंजळी जुळवून त्याने धीरगंभीर टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. पुरलं.

मग गावच्या मुखियाने तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. “या पोरांनी सगळ्या टॅक्सीवाल्यांचं पोट वाचवलं! शाबास! आम्ही मोठे आंधळे निघालो.” रमेशकाकाने प्रश्नीलला उचलून घेतलं. “ओरखड्याचे पैसे माफ!” सगळे हसले. बायकांनी तिघांच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. मोमो फिलीसुद्धा म्हणाला, “परत आलास की तुला एक गाडी स्वस्तात देतो, सेमी.”

लोसाने माळ काढून चुरगळली आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. थोड्या वेळाने ताता तिच्याशेजारी येऊन बसला.

“का टाळ्या वाजवल्यास?” ती ओरडलीच. “त्याने फसवलं! गाडी गेली, तू चाललास, आणि आम्हाला नुसतं शाबास! मला नको ते शाबास! आणि ती झालर मीच...”

“झालर मला आवडायची. आजही आवडते,” ताता म्हणाला. “त्या दिव्यावर फूल चिकटवलं ते मी. तू नाही.” “लोसा, मी तिकडे असताना अर्ध्या रात्री तोमाला ताप भरला तर तू कुणाच्या दारात जाशील? नानांची म्हातारी चढावर उकळते. आपल्या बाजूला दुसरी गाडी कुणाकडे आहे?”

लोसाला उत्तर माहीत होतं.

“त्याने दार उघडायला हवं. म्हणून वाजवल्या टाळ्या. मी भांडून गेलो असतो तर ते भांडण तुमच्याजवळ ठेवून गेलो असतो.”

लोसा त्याच्या कुशीत शिरून रडली. ताताही रडत होता. ते तिला त्याच्या छातीवरून कळलं.

सोमवारी मोमो फिलीच आला ताताला धक्क्यावर सोडायला, नव्या कोऱ्या गाडीतून. बोट सुटली. ताता कठड्यापाशी उभा राहून हात हलवत होता. तो ठिपक्याएवढा झाला, मग दिसेनासा झाला. तोमा बुबूच्या झग्यात तोंड लपवून हमसत होता. प्रश्नील पायाने खडे उडवत होता.

मोमो फिलीने गाडीचं दार उघडून धरलं. “चल, माझ्या बहिणीची सावली. घरी सोडतो.”

लोसाने एकदा पाण्याकडे बघितलं. मग तिने तोमाला आधी आत बसवलं, मान वर केली आणि आभार मानले, “विनाका, मोमो.”

जाताना ताताने तिच्याकडे तेवढंच मागितलं होतं.